आवाज थांबला की उघडा

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी आफरीन धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारात रिकामी पोती विकत घेत होती. गोणपाटाची सहा पोती, चिकटपट्टीचे चार रोल आणि तीस मीटर वायर. दुकानदारानं वायर मोजता मोजता विचारलं, "मंडप हाय का कुठं?"

"न्हाय. गाणी रेकॉर्ड करायचीत."

"भजनाची?"

"तसलंच काहीतरी," ती म्हणाली आणि हसली.

दुकानदाराचा मंडपाचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. धाराशिवात आयुब साउंड सर्व्हिस म्हटलं की लोकांना लग्न, उरूस आणि जयंती एवढंच आठवायचं, आणि आफरीन त्या आयुबभाईंची थोरली लेक. कर्ण्यांच्या आणि अॅम्प्लिफायरच्या खोक्यांत ती लहानाची मोठी झाली. पुढं पुण्याला जाऊन रेकॉर्डिंगचं रीतसर शिकून आली. इतर लोक गाणारा ऐकतात, ती आधी खोली ऐकायची. एक टाळी वाजवायची आणि डोळे मिटून सांगायची, की मागची भिंत विटांची आहे की पत्र्याची, आणि किती लांब आहे.

तिचा धाकटा भाऊ दानियाल ड्रम वाजवायचा. वाशीचा इंद्रजित गिटार वाजवायचा आणि गायचा. दोघांच्या बँडचं नाव 'गाळप'. ते वाजवत त्या प्रकाराला स्लज मेटल म्हणतात. स्लज म्हणजे गाळ. गिटारच्या तारा इतक्या ढिल्या सोडायच्या की सूर जमिनीखालून आल्यासारखा यावा, आणि ताल इतका संथ ठेवायचा की दोन ठोक्यांच्या मध्ये ऐकणाऱ्याला वाटावं, आता पुढचा काही येत नाही. त्यावर इंद्रजित घसा खरवडून गायचा:

गोड गोड म्हणता म्हणता
घशाशी आला गाळ…

चार वर्षं खपून त्यांनी सहा गाणी बांधली होती. पण रेकॉर्ड एकही झालं नव्हतं, आणि आता दानियालला बहारीनमध्ये नोकरी लागली होती. सोमवारी हैदराबादहून विमान. अल्बम व्हायचा तर या चार दिवसांत, नाहीतर मग व्हायचाच नाही. तिघांनाही हे ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

जागा इंद्रजितनं शोधली होती. वाशीपासून थोडं आत, मोठ्या रस्त्यापासून दूर, एक खांडसरी साखरेचा कारखाना बऱ्याच वर्षांपूर्वी बंद पडला होता. ती जमीन इंद्रजितच्या चुलत्यांनी घेतली होती. यंत्रं भंगारात गेली, पत्रे गेले. उरली होती ती जमिनीत पुरलेली मळीची टाकी. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर जी काळी, दाट, आंबूस रबडी मागं राहते ती मळी. ती साठवायला केलेली ही टाकी चाळीस फूट लांब आणि बारा फूट खोल होती. आतून सगळी लोखंडी. छत जमिनीच्या वर गुडघाभर आणि छताच्या कडेला एकच चौकोनी तोंड. त्या तोंडावरचं झाकण इतकं जड, की ते साखळीच्या कप्पीनं उचलावं लागे. वरून एकट्या माणसाला साखळी ओढणं जमायचं. आतून मात्र तिघांनी खांदा लावला असता तरी ते हललं नसतं.

इंद्रजितनं पहिल्यांदा आत उतरून एक सूर लावला, तेव्हा तो अकरा सेकंद विझला नव्हता.

कारखान्याच्या राखणीला रामलिंग होता. साठीचा, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. कारखाना चालू होता तेव्हा तो इथंच कामाला होता, आणि बंद पडल्यावर इथल्याच एका खोलीत राहिला. त्यानं दोरीनं ड्रम खाली सोडायला मदत केली, दिवसातून तीनदा चहा केला. पण टाकीच्या छतावरून तो कधी चालत गेला नाही. दहा पावलांचा वळसा घालून पलीकडं जायचा.

आफरीननं आपलं सामान टाकीजवळच्या पंपशेडमध्ये मांडलं. टेबलावर लॅपटॉप, रेकॉर्डिंगचा डबा, हेडफोन, दोन स्पीकर. पंपाचा जुना वाकडा पाइप शेडमधून टाकीत उतरत होता. त्यातून तिनं माइकच्या आणि विजेच्या वायरी आत नेल्या आणि उरलेली फट पोत्यांनी ठासून भरली. त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा होती, त्यामुळं काम दिवसाच करायचं. जवळच्या कच्च्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, तो आवाज नको म्हणून प्रत्येक गाण्याला झाकण बंद करायचं. आफरीननं हात केला की रामलिंग साखळी सोडी, पुन्हा हात केला की ओढी.

शुक्रवारी दुपारी पहिलं गाणं झालं. हेडफोनमध्ये ऐकताना आफरीनच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. असला आवाज तिनं आजवर टिपला नव्हता. ड्रमचा प्रत्येक ठोका टाकीभर फिरून, जड होऊन परत येत होता.

गाणं संपलं. शेवटचा सूर विझत गेला. आणि तो पुरता विझल्यावर तिला ऐकू आलं.

ठक…

मग बऱ्याच वेळानं पुन्हा. ठक…

उन्हानं पत्रा तापला की वाजतो, हे तिला माहीत होतं. तिनं दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या गाण्यात तो आवाज मधेच आला. शनिवारी तिसऱ्या गाण्यात तर बरोबर तालावर आला, दानियालच्या दोन ठोक्यांच्या मधोमध. वर आल्यावर दानियाल घाम पुसत म्हणाला, "आपा, ऐकलंस का? कुणीतरी साथ देतंय." इंद्रजित म्हणाला, "ठेव ताई, काढू नको. असं मागून मिळत न्हाय."

आफरीननं पुन्हा पुन्हा ऐकलं. तापलेला पत्रा कुठंही, कसाही वाजतो. हा आवाज एका जागेवरून येत होता, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. आणि दर गाण्याला ती जागा माइकच्या थोडी जवळ येत होती.

संध्याकाळी चहा घेताना तिनं सहज विचारलं, "मामा, ह्या टाकीत कशाचा आवाज येतो?"

रामलिंगनं कप खाली ठेवला. "माणूस गेलाय तिथं," तो म्हणाला. "बलभीम म्हणून व्हता. माझ्याबरोबरचा. टाकी धुवायला उतरला, आन् गॅस व्हता आत. एकोणीस वर्सं झाली."

"तुम्ही होता का इथं?"

"वर म्याच बसलो व्हतो," रामलिंग म्हणाला आणि कप विसळायला निघून गेला.

तिनं हे दानियालला आणि इंद्रजितला सांगितलं नाही. दोन गाणी राहिली होती, आणि एकच दिवस.

रविवारी दुपारपर्यंत पाचवं झालं. सहावं सगळ्यात लांब होतं, वीस मिनिटांचं. त्यात शेवटी इंद्रजित कुजबुजत गाणार होता, त्यासाठी माइक त्याच्या तोंडाशी कुणीतरी धरायला हवा होता. शिवाय आफरीनला तो आवाज आपल्या कानांनी, आत उभं राहून ऐकायचा होता. तिनं रेकॉर्डिंग चालू केलं, हेडफोन टेबलावर ठेवले आणि रामलिंगकडं गेली.

"मामा, मीबी आत जाते. मग हात करायला वर कुणी राहणार न्हाय. वीस मिनिटांचं गाणं हाय. आवाज थांबला की उघडा."

रामलिंग तिच्याकडं बघत राहिला. "थांबला की?"

"व्हय. पूर्ण थांबला की."

मग त्यानं मान हलवली.

शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या तुटलेल्या होत्या. रामलिंगचा हात धरून ती खाली उतरली. झाकण पडलं तेव्हा त्याचा दणका पायांतून छातीपर्यंत आला. आत बॅटरीचा एक दिवा होता, त्याचा उजेड दोघांच्या चेहऱ्यांपुरताच. टाकीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. वास होता आंबलेल्या गुळासारखा, जुना, भिंतींत मुरलेला.

गाणं सुरू झालं. बाहेर हेडफोनमध्ये जे ऐकू यायचं ते इथं अंगावर येत होतं. प्रत्येक ठोका पाठीमागून येऊन मानेला लागत होता. इंद्रजितनं शेवटच्या ओळी माइकमध्ये कुजबुजल्या, दानियालनं शेवटचा ठोका दिला आणि हातानं झांज धरली. तिघंही श्वास रोखून उभे राहिले. सूर विरत गेला. आफरीन मनात आकडे मोजत होती. नऊ, दहा, अकरा.

शांत.

दानियाल हसला. इंद्रजितनं डोळे पुसले. चार वर्षांचं काम झालं होतं. आता साखळीचा खडखडाट होईल म्हणून तिघांनी वर पाहिलं.

ठक…

आवाज पलीकडच्या टोकाकडून आला.

"दानियाल, वाजवू नको," इंद्रजित हळूच म्हणाला. "मामाला वाटंल चाललंय अजून."

दानियालनं दोन्ही काड्या वर धरून दाखवल्या.

ठक…

त्यांनी वाट पाहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दर वेळी तेवढंच अंतर, गाण्याच्या तालाइतकंच संथ. पुढचा ठोका येतो की नाही असं वाटावं, आणि तो यावा. मोबाइलला रेंज नव्हती. बाहेर रामलिंग बसला होता, आवाज थांबायची वाट बघत. आणि आवाज थांबत नव्हता.

आफरीनला हे उमजलं. ओरडलं तरी त्याला गाणंच वाटणार, कारण इंद्रजित गायचाच ओरडून. ड्रम वाजवले तरी गाणंच. गप्प बसलं, तर हे आहेच.

"तरी ओरडू," इंद्रजित म्हणाला. ते ओरडले. रामलिंगमामा म्हणून नाव घेऊन ओरडले. टाकीनं ते नाव अकरा सेकंद घोळवलं आणि गिळलं. वर काही हललं नाही.

वास वाढला होता. आता तो जुना वाटत नव्हता. आफरीननं पाय उचलला, तर बूट जमिनीला चिकटून सुटल्याचा आवाज झाला. तिनं दिवा खाली धरला. पत्रा कोरडा होता. पण पाऊल टाकलं की पुन्हा तसंच, कुणी तळवा धरून मग सोडल्यासारखं.

"आपा…" दानियाल म्हणाला. "जागा बदललीय त्यानं."

ठक. आता तो ड्रमच्या मागं होता. काही वेळानं त्यांच्या पायाखाली. मग शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. दिव्याच्या उजेडात ती पायरी स्पष्ट दिसत होती. तिथं काही नव्हतं. पायरी मात्र थरथरत होती. मग दुसरी थरथरली. मग तिसरी. तिघांच्या डोळ्यांदेखत तो आवाज एकेक पायरी चढत वर गेला आणि झाकणाशी जाऊन थांबला.

ठक… झाकणाला आतून.

इंद्रजित भिंतीला पाठ लावून खाली बसला. दानियाल आफरीनचा हात धरून होता, लहानपणी वीज कडाडली की धरायचा तसा. तिनं तो सोडवला, ड्रम कसायचा लोखंडी पाना घेतला आणि शिडी चढू लागली. का चढली, ते तिला पुढंही सांगता आलं नाही. वर जाऊन तिनं पान्यानं झाकणावर मारलं. भराभर, तालाबिलाचा विचार न करता, हात दुखेस्तोवर. मग थांबून पत्र्यावर तळवा टेकवला. बाहेरून कुणी येतंय का, पावलं जाणवतायत का, ते बघायला.

तिच्या तळव्याशेजारी, वीतभर अंतरावर, पत्रा हादरला. ठक… मग थोडा जवळ. ठक… आणि गालावर ओलसर, आंबूस श्वास आला. तिनं मान वळवली नाही. एकेक पाय चाचपत ती खाली आली.

खाली आल्यावर तिची नजर माइकच्या वायरींवर पडली. आठ वायरींची जाड जुडी पाइपातून वर गेली होती, थेट शेडमधल्या टेबलापर्यंत. त्या टोकाला डबा होता, डब्याला लॅपटॉप जोडलेला.

तिनं जुडी हाताला गुंडाळली.

"ताई," इंद्रजित म्हणाला. त्याला कळलं होतं. "सगळं त्यातच हाय. सहाही. दुसरीकडं कुठं घेतलंयस का?"

"न्हाय."

"उद्या दानियाल चाललाय."

आफरीननं भावाकडं पाहिलं. तोही उठून आला, जुडीला हात घातला. मग इंद्रजित आला. तिघांनी मिळून ओढलं. आधी पोती अडली, मग सुटली, आणि पाइपातून लांबवर काहीतरी सिमेंटवर आदळून फुटल्याचा आवाज आला. खुर्ची पडली. काच पडली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग साखळी खडखडली.

झाकण वर उचललं गेलं तेव्हा दुपारचं ऊन खांबासारखं आत उतरलं. आवाज त्याच क्षणी थांबला. कडेला रामलिंग पालथा पडला होता. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा. त्यानं उजवा हात खाली सोडला. दानियाल वर गेला, इंद्रजित गेला. शेवटी आफरीन. त्याच्या हाताची पकड लोखंडासारखी होती. ती वर आली, गवतावर पडली आणि छाती भरून श्वास घेत राहिली. एक तास पन्नास मिनिटं झाली होती.

रामलिंग उठला नव्हता. तो तसाच पालथा होता, आणि त्याचा उजवा हात अजून टाकीच्या तोंडातून आत लोंबत होता.

"मामा, आम्ही तिघं आलो वर," ती म्हणाली.

"बलभीमा," रामलिंग आत बघून म्हणाला, अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तसं. "धर."

त्याच्या दंडाच्या शिरा ताणल्या. खांदा खाली खेचला गेला. पायाच्या बोटांनी त्यानं माती धरली आणि ओढू लागला. इंद्रजित पुढं झाला, पण रामलिंगनं डाव्या हातानं त्याला थांबवलं. बराच वेळ तो तसा ओढत होता, कण्हत, इंचाइंचानं. मग एकदम मागं उताणा पडला. टाकीच्या तोंडातून बाहेर काही आलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नंतर पाणी प्यायल्यावर त्यानं सगळं सांगितलं.

"त्या दिशीबी असंच ठरलं व्हतं. बलभीम आत उतरला. भिंतीला वाळलेली मळी हातोडीनं ठोकून काढायची. वावटळ आली, धूळ जाईल म्हणून म्या झाकण टाकलं. ठोकणं थांबलं की उघडायचं. म्या बसलो. आतून ठक, ठक, चाललंय. म्हणलं, काम चाललंय. दोन तास चाललं. मग मुकादम आला, उघड म्हणला. उघडलं, तर त्यो पडलेला." त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "म्हंजे दोन तास त्यो मला बोलवत व्हता. आन् म्या बिडी पीत बसलो. तवापासून रोज ऐकतो म्या. आज आधी वाटलं, तुमचं चाललंय. मग वळखू आलं. मग साखळीकडं हातच जाईना. शेडमधी ते पडलं तवा कुठं अंगात जीव आला."

"आता?" दानियालनं विचारलं.

"आता काडला ना त्याला," रामलिंग म्हणाला.

दानियाल सोमवारी गेला. लॅपटॉप पुरता गेला होता. डिस्कमधून काही निघेल, असं धाराशिवातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, पण आफरीननं ती परत आणली आणि कुणाला दिली नाही.

गुरुवारी इंद्रजितचा फोन आला. रामलिंगला बलभीमच्या बायकोला भेटायचं होतं, पाय धरायचे होते. एकोणीस वर्षांत तो तिच्यासमोर गेला नव्हता. ती आता जळकोटला लेकीकडं असते. नेशील का? आफरीननं अब्बांची साउंडची गाडी काढली. रामलिंग मागच्या सीटवर बसला, खिडकीला अगदी खेटून, शेजारी जागा सोडून. जळकोटला पोचल्यावर म्हणाला, "आधी तुमी बोला, माय. मग म्या येतो."

बलभीमची बायको सीताबाई अंगणात तुरी पाखडत होती. आफरीननं तिला जमेल तसं सांगितलं, की रामलिंग बाहेर आलेत, एवढी वर्षं त्यांच्या जिवाला घोर आहे, तुमचे मालक आतून दोन तास ठोकत होते आणि त्यांना ते कळलं नाही.

सीताबाईनं सूप खाली ठेवलं. "ठोकत व्हते? कशानं?"

"हातोडीनं."

"हातोडी तर वरच व्हती की, बाई. दोरीला बांधून मागनं सोडायची असती. ती सोडायचीच राहिली. मुकादमानं माझ्या हातात आणून दिली, अजून घरात हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन् डाक्टर म्हणले, उतरल्या उतरल्या गेले. दोन श्वास घेतले नसतील. त्यांना काही कळलंच न्हाय, एवढाच तर मला आधार हाय. बोलवा त्याला आत. उगं का कुढतोय त्यो?"

आफरीन जवळजवळ धावतच बाहेर आली. एखाद्याच्या डोक्यावरचं एवढं ओझं उतरवायचं भाग्य रोज मिळत नाही. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं.

"मामा, ऐका. तुमचा काही दोष न्हाय. बलभीम उतरल्याबरोबर गेले. ते ठोकत नव्हतेच. ते कधीच ठोकत नव्हते."

रामलिंगनं ते ऐकलं. मग त्यानं मान खाली घातली आणि मांडीवरचा गमछा डाव्या हातानं बाजूला केला. उजवा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर होता, मूठ अर्धवट मिटलेली, दुसऱ्याचा हात हातात घेतल्यासारखी.

"मग ह्यो कोण हाय, माय?" त्यानं विचारलं. "रविवारपासनं सोडतच न्हाय…"

आफरीननं वाकून पाहिलं. त्याच्या मनगटाच्या कातडीत बोटं रुतावीत तसे चार खड्डे पडले होते. ती बघत असतानाच ते आणखी खोल गेले.